ओयांताइतांबो : इंका लोकांचे विसाव्याचे गाव

सायकलवरून देशोदेशी फिरणारे प्रवासी असतात. सामान सायकलला बांधायचं, दिवसभर पायडल मारायचं आणि रात्री तंबूत झोपायचं, असा त्यांचा क्रम. पण तेही काही दिवसांनी एक दिवस सायकल उभी करून ठेवतात. थकलेल्या स्नायूंची झीज विश्रांतीतच भरून निघते. नांगरटीत आपण बैलाला मध्येच सोडून सावलीला बांधतो, तसंच हे.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात तर अशी सुट्टी घ्यावीच लागते. तिथे अँडीज पर्वतात आब्रा मालागा नावाचा घाट आहे. त्याची उंची सुमारे ४,३०० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे हा घाट त्याच्या अडीच पटीहूनही उंच! तिथली हवा इतकी विरळ की एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साठेक टक्केच प्राणवायू मिळतो. घाईने वर गेलेल्या माणसाचं डोकं दुखतं, उलट्या होतात, झोप लागत नाही. तरीही तो चढतच राहिला तर जिवावर बेततं. म्हणून शहाणा प्रवासी आधी खालच्या गावात मुक्काम करतो आणि शरीराला सवय होऊ देतो.

घाटाखालचं असं एक गाव म्हणजे ओयांताइतांबो. ते सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे. केचुआ भाषेत 'तांबो' म्हणजे वाटेवरची धर्मशाळा. म्हणजे गावाच्या नावातच विसावा आहे!

हे गाव इंका लोकांनी पंधराव्या शतकात, पाचाकुती राजाच्या काळात बांधलं. इंकांचं राज्य मोठं होतं. त्यांचे रस्ते ३०,००० किलोमीटरांहून लांब होते. पण गंमत अशी की त्यांच्याकडे गाडीचं चाक नव्हतं, घोडा नव्हता आणि लोखंडही नव्हतं. ओझं माणसं नाहीतर लामा नावाची जनावरं वाहत. निरोप पळणारे जासूद पोचवत. रस्त्यावर चाक चालणारच नव्हतं, म्हणून चढावर त्यांनी सरळ पायऱ्या केल्या. त्या वाटांवर आज सायकल न्यायची तर खांद्यावर घ्यावी लागेल! म्हणून सुट्टीच्या दिवशी सायकल गावात ठेवायची आणि पायीच वर चढायचं.

वर काय दिसतं? डोंगर कापून केलेले मोठमोठे बांध आणि त्यांवर सपाट शेतं. बांधाच्या आत तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि सगळ्यात वर माती. त्यामुळे पावसाचं पाणी मुरून जातं आणि बांध फुगून फुटत नाही. अशा बांधांवर मका पिकवत. समोरच्या डोंगरावर उंच जागी कोठारं आहेत. तिथे वारा खेळता असल्याने धान्य लवकर किडत नसे.

सगळ्यात वर सूर्यमंदिराच्या सहा शिळा एका ओळीत उभ्या आहेत. त्या सुमारे ४ मीटर उंच आहेत. हा दगड नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेला. माणसांनी दोर लावून तो नदीपार ओढत आणला आणि उतरंड बांधून वर चढवला. काही शिळा वाटेतच राहिल्या. तिथले लोक त्यांना 'दमलेले दगड' म्हणतात. दगड घडवायला छिन्नी कुठली? नदीतले कठीण गोटे घेऊन ठोकत ठोकत कड घडवायची. अभ्यासक ज्याँ-पिएर प्रोत्झेन यांनी स्वतः गोट्याने दगड ठोकून हे होऊ शकतं असं दाखवून दिलं.

पालकहो, हे सारं कष्ट कोणाचे? साध्या शेतकऱ्यांचे. दर घरातून पाळीपाळीने राजाच्या कामाला माणूस द्यावा लागे. राजाचं नाव पुस्तकात आलं, दगड ओढणाऱ्यांचं एकही नाव राहिलं नाही.

उत्तम इंका भिंतींत चुना नाही की सिमेंट नाही. दगडाला दगड असा बसवला आहे की फटीत सुरीचं पातंही जाईना. भिंती खाली रुंद, वर अरुंद आणि आत किंचित कललेल्या. धरणीकंपात दगड थोडे हलतात आणि परत जागेवर बसतात. १९५० साली जवळच्या कुस्को शहरात मोठा भूकंप झाला. तेव्हा स्पॅनिश लोकांनी बांधलेल्या मठाचा बराच भाग पडला, पण त्याच्या पोटातल्या इंका भिंती उभ्याच राहिल्या.

सोळाव्या शतकात मांको इंकाने याच ठिकाणी स्पॅनिश घोडेस्वारांना हरवलं. पाटाचं पाणी खालच्या मैदानात सोडलं, तेव्हा चिखलात घोड्यांची चाल थांबली. पुढे मात्र राज्य गेलं.

राज्य गेलं तरी गाव राहिलं. आजही लोक तिथल्या इंका काळच्या गल्ल्यांत राहतात आणि दगडी पाटांतून पाणी खळखळतं. अँडीजमधल्या अनेक गावांत लोक वर्षातून एकदा श्रमदान करून पाट साफ करतात. कुस्को भागातच केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आहे. चार वाड्यांचे लोक दर वर्षी तो नव्याने विणतात. २०२० साली महामारीमुळे विणणं राहून गेलं आणि मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. जूनमध्ये लोकांनी तो पुन्हा विणला. म्हणजे जुनी वस्तू आपोआप टिकत नसते, तिला वरचेवर हात लावावा लागतो.

मित्रांनो, आपण खातो तो बटाटा मूळचा अँडीजचाच. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतलाच. त्या शेतकऱ्यांचे आपण ऋणी आहोत. म्हणून असे अवशेष पाहायला गेलं तर भिंतीवर चढू नये, नाव कोरू नये आणि दगड घरी आणू नये. आपल्या गडकोटांवरही हाच नियम पाळायचा.

हे करून पाहा : एका पाटावर गोल गोट्यांची आणि दुसऱ्यावर चपट्या, नीट बसणाऱ्या दगडांची छोटी भिंत रचा. दोन्ही पाट सारखेच हळूच हलवा. कोणती आधी पडते ते वहीत लिहा आणि का पडली तेही लिहा.