हिंगहॅम ते इलिनॉय : लिंकन घराण्याच्या वंशावळीचा शोध

अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना आपल्या आजोबांच्या मागची पिढी नीटशी ठाऊक नव्हती. १८४८ साली ते वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसचे सदस्य असताना मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावचे इतिहासलेखक सॉलोमन लिंकन यांनी त्यांना पत्र पाठवून कुळाची विचारणा केली. उत्तरात त्यांनी वडील थॉमस, आजोबा अब्राहम आणि आजोबांचा व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत झालेला प्रवास एवढेच सांगितले. पूर्वज त्याआधी पेन्सिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीत होते आणि क्वेकर पंथाचे होते, अशी घरात आख्यायिका होती. न्यू इंग्लंडमधील लिंकनांशी आपले नाते असावे अशी शंका त्यांनाही येत असे, पण त्यासाठी हाताशी पुरावा एकच होता : दोन्हीकडे मॉर्डेकाय, लेव्हाय, अब्राहम, सॉलोमन ही नावे पुन्हा पुन्हा येत होती. पुढे १८५९ साली लिहिलेल्या संक्षिप्त आत्मवृत्तातही ते या नामसाम्याच्या पलीकडे गेले नाहीत.

ही साखळी आज अखंड जुळलेली आहे. सुमारे १९३ वर्षे, सात पिढ्या आणि सात वसाहती किंवा राज्ये एवढा तिचा विस्तार आहे. पश्चिमेकडे सरकत गेलेल्या अमेरिकन कुटुंबाची वंशावळ कशी सिद्ध होते, याचा इतका बारकाईने तपासला गेलेला नमुना क्वचितच मिळेल. या साऱ्या शोधात माणसांपेक्षा जमिनीने अधिक साक्ष दिली आहे. माणूस गाव सोडून निघून जातो आणि त्याची स्मृती दोन पिढ्यांत विरते, पण विकलेल्या शेताचा दस्त त्या त्या काउंटीच्या कचेरीत राहतो.

मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन हा इंग्लंडमधील नॉरफोक परगण्याच्या हिंगहॅम गावचा होता. नॉरिच येथील एका विणकराच्या हाताखाली उमेदवारी करीत असताना, १६३७ साली तो मालकाच्या कुटुंबासह 'जॉन अँड डोरोथी' या जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आला आणि पुढे आपल्या गावच्याच नावाने वसलेल्या हिंगहॅममध्ये स्थिरावला. पहिली विसंगती इथेच भेटते. प्रवाशांच्या यादीत त्याचे वय १८ लिहिले आहे, तर इंग्लंडमधील चर्चच्या नोंदवहीप्रमाणे त्याचा बाप्तिस्मा ऑगस्ट १६२२ मध्ये झाला, म्हणजे निघताना तो जेमतेम १४ वर्षांचा होता. प्रवासाच्या सोयीसाठी वय वाढवून सांगण्याची चाल तेव्हाही असणार, असे मानून अभ्यासक चर्चची नोंद ग्राह्य धरतात. जन्माच्या वेळी झालेली नोंद ही मागाहून सांगितलेल्या वयापेक्षा नेहमीच वजनदार मानली जाते.

दुसरी अडचण नावांची. त्या लहानशा गावात थॉमस लिंकन नावाचे अनेक गृहस्थ एकाच काळी नांदत होते. त्यामुळे दप्तरात त्यांचा उल्लेख विणकर थॉमस, गिरणीवाला थॉमस, पिंपे बनवणारा थॉमस असा धंद्यासह करावा लागे. यांतील विणकर थॉमस हा सॅम्युएलचा सख्खा भाऊ. व्यवसायाचा हा शब्द लेखनिकाच्या हातून सुटला असता, तर आज त्यांना वेगळे काढणे जवळपास अशक्य झाले असते.

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार होता आणि त्याने लोखंडाचा कारखानाही चालवला. त्याचे दोन मुलगे, धाकटा मॉर्डेकाय व अब्राहम, अठराव्या शतकाच्या आरंभी न्यू जर्सीत गेले. धाकट्या मॉर्डेकायने तिथे हॅना सॉल्टर हिच्याशी विवाह केला, जमीन घेतली आणि १७२० च्या सुमारास तो पेन्सिल्व्हेनियात उतरला. तिथेही तो आरंभी लोखंडाच्या धंद्यात भागीदार होता. लोखंडाची माती आणि भट्टीसाठी जळाऊ लाकूड जिथे मुबलक, तिकडे हे घराणे सरकत होते. पश्चिमेकडील ओढ म्हणून जिचे वर्णन केले जाते, तिच्यामागे बरेचदा असा साधा धंद्याचा हिशोब असतो.

मॅसॅच्युसेट्सचे लिंकन आणि व्हर्जिनियाचे लिंकन यांच्यातील हरवलेला दुवा तो हाच धाकटा मॉर्डेकाय. तो जुळला कसा, हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. त्याच्या मृत्युपत्रावर फेब्रुवारी १७३५ ही मिती आहे आणि त्याचा मृत्यू मे १७३६ मध्ये झाला. वरवर पाहता मृत्युपत्र करून तो सव्वा वर्ष जगला असे वाटते. परंतु इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तो फेब्रुवारी आपल्या गणनेप्रमाणे १७३६ चा ठरतो आणि अंतर अवघ्या तीन महिन्यांवर येते. त्याची दुसरी पत्नी तेव्हा गरोदर होती व तिचा मुलगा पित्याच्या मृत्यूनंतर जन्मला, हेही त्यामुळे नीट जुळते. या मृत्युपत्रात पहिल्या पत्नीचा मुलगा जॉन याला न्यू जर्सीतील ३०० एकर जमीन दिली आहे. १७४८ साली पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या जॉन लिंकनने ही न्यू जर्सीची जमीन विकली आणि खरेदीखतात स्वतःची ओळख मॉर्डेकायचा मुलगा म्हणून दिली. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला. तीन वसाहतींत विखुरलेले कागद एका शेतामुळे एकत्र आले. १८८० च्या दशकात सॅम्युएल शॅकफर्ड यांनी अशाच दस्तांच्या आधारे ही परंपरा मांडली, १९०९ साली ली आणि हचिन्सन यांनी इंग्लंडमधील बाजू पक्की केली, आणि १९२३ मध्ये वॉल्डो लिंकन यांनी संपूर्ण घराण्याचा कुलवृत्तान्त प्रसिद्ध केला.

बर्क्स काउंटीत लिंकनांच्या शेजारी बून कुटुंब राहत होते. प्रसिद्ध सीमावासी डॅनियल बून १७३४ साली तिथेच जन्मला. मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाने, अब्राहमने, १७६० मध्ये डॅनियलच्या चुलतबहिणीशी, ॲन बूनशी लग्न केले. बून कुटुंब क्वेकर होते. घरातल्या क्वेकर आख्यायिकेचा उगम या सोयरिकीत आणि शेजारात असावा असे माझे मत आहे, कारण हिंगहॅमचे लिंकन मुळात प्युरिटन वसाहतीतले. वंशशोधक यासाठीच एकट्या माणसाच्या मागे न लागता त्याच्या सोयऱ्यांची, शेजाऱ्यांची आणि दस्तांवर सह्या करणाऱ्या साक्षीदारांची यादी करतात. माणसे अनोळखी मुलखात सहसा एकटी जात नसत. पेन्सिल्व्हेनियातील वाटेवरचा शेजारी व्हर्जिनियात पुन्हा शेजारी म्हणून भेटतो.

जॉन लिंकन १७६८ च्या सुमारास शेनान्डोआ खोऱ्यात, लिनव्हिल क्रीकच्या काठी स्थायिक झाला. पेन्सिल्व्हेनियातून निघणारा वसाहतवाल्यांचा मोठा गाडीरस्ता ॲपलेशियन पर्वतरांगांना समांतर नैर्ऋत्येकडे उतरतो, त्यामुळे पश्चिमेकडे निघालेले हे लोक आधी दीडदोन पिढ्या दक्षिणेकडेच गेले. डोंगर ओलांडण्याची वाट कंबरलंड खिंडीतून होती. १७७५ मध्ये डॅनियल बूनच्या नेतृत्वाखाली ती वाट आखली गेली आणि केंटकीचे दार उघडले. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम १७८२ च्या सुमारास त्याच दिशेने गेला. त्याचा भाऊ आयझॅक मात्र पूर्व टेनेसीत थांबला.

कॅप्टन अब्राहमचे नाव केंटकीच्या मोजणीच्या कागदात 'लिंकहॉर्न' असे लिहिलेले आढळते. तेव्हाचा लेखनिक कानावर पडेल तसे नाव उतरवून घेई, म्हणून आडनावाचे एकच रूप धरून शोधणाऱ्याच्या हाती निम्मे कागद लागत नाहीत. १७८६ मध्ये शेतात काम करीत असताना कॅप्टन अब्राहम मूलनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. थोरला मुलगा मॉर्डेकाय याने घरातून बंदूक आणून हल्लेखोराला टिपले आणि लहानग्या थॉमसचा जीव वाचवला, ही कथा घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती भूमी शॉनी व चेरोकी लोकांच्या शिकारीचा मुलूख होती आणि तिच्यासाठी रक्तरंजित संघर्ष चालू होता, हे त्या घरगुती कथेत येत नाही. वाचकाने ते ध्यानात ठेवावे. केंटकी त्या वेळी व्हर्जिनियाचा भाग होता. तिथला ज्येष्ठाधिकाराचा जुना नियम १७८७ च्या आरंभी संपुष्टात आला. बाप त्याच्या काही महिने आधी गेला, म्हणून जमीन थोरल्याकडे गेली आणि थॉमसच्या वाट्याला मजुरी व सुतारकाम आले.

थॉमसच्या आयुष्याची किल्ली जमिनीच्या मोजणीत आहे. केंटकीत चतुःसीमा पद्धत होती. अमुक ओकच्या झाडापासून तमुक ओढ्याच्या वळणापर्यंत, अशी हद्द लिहिली जाई. झाड पडले, ओढ्याने पात्र बदलले की हद्द नाहीशी होई. त्यातच एकाच जमिनीवर अनेकांचे हक्क नोंदले गेल्याने दावे उभे राहिले. थॉमसने १८०३ मध्ये घेतलेल्या २३८ एकरांपैकी ३८ एकर मोजणीतील चुकीमुळे विकताना हिशोबात आले नाहीत. अब्राहमचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी ज्या सिंकिंग स्प्रिंगच्या शेतावर झाला, त्याच्या मालकीचाही वाद झाला. तिसऱ्या, नॉब क्रीकच्या शेतावर फिलाडेल्फियातील एका जमीनदाराच्या वारसांनी हुसकावण्याचा दावा लावला. केंटकी सोडण्यामागे काही अंशी गुलामगिरी आणि मुख्यतः जमिनीच्या हक्कांचा घोळ ही कारणे होती, असे अध्यक्षांनी पुढे लिहिले आहे. कोर्टकज्ज्यांत गुंतलेल्या या कुटुंबाविषयी कागद भरपूर मिळतात. थॉमसचे ते दुर्दैव संशोधकाच्या पथ्यावर पडले, असे म्हणावे लागते.

१८१६ च्या अखेरीस कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात आले. तिथली जमीन १७८५ च्या भूमी-अध्यादेशाप्रमाणे मोजलेली होती : सहा मैल लांबी-रुंदीचे चौरस टाउनशिप, प्रत्येकाचे ६४० एकरांचे ३६ विभाग आणि त्यांचे चतुर्थांश. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी थॉमसने व्हिन्सेन्सच्या भूमी कार्यालयात १६० एकरांची नोंद केली. तिचे वर्णन नैर्ऋत्य चतुर्थांश, विभाग ३२, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम असे आहे. दर एकरी दोन डॉलर होता. पैसे पुरे न पडल्याने त्याने निम्मी जमीन परत केली आणि उरलेल्या ८० एकरांची सनद त्याला १८२७ मध्ये मिळाली. एवढ्या एका ओळीवरून आजही कोणी नकाशावर त्या शेताच्या बांधावर बोट ठेवू शकतो.

कागद चुकीच्या जागी शोधला तर काय अनर्थ होतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे थॉमस व नॅन्सी हँक्स यांचा विवाह. थॉमस हार्डिन काउंटीत राहत असल्याने लोकांनी तिथल्या कचेरीत नोंद शोधली. ती मिळाली नाही, आणि अध्यक्षांचा जन्म अनौरस असल्याच्या वावड्या उठल्या. वधूच्या काउंटीत पाहण्याचे फारसे कोणाला सुचले नाही. अखेर १८७८ मध्ये वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात विवाहाचे हमीपत्र सापडले. त्यावर १० जून १८०६ ही तारीख आणि ५० पौंडांची हमी आहे. नॅन्सीचा पालक या नात्याने रिचर्ड बेरी याने सही केली आणि पुढे पालक या अर्थाचा इंग्रजी शब्द चुकवून चक्क 'गार्डन' असे लिहिले. लग्न १२ जूनला लागल्याची जेसी हेड या धर्मोपदेशकाची नोंदही मिळाली. तोवर अध्यक्षांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. शोधाची जागा चुकण्याचे आणखी एक कारण म्हणजे काउंट्यांच्या सीमा त्या काळी सतत बदलत. इंडियानातले लिंकनांचे शेत सुरुवातीला पेरी काउंटीत होते, १८१८ मध्ये ते जागच्या जागी स्पेन्सर काउंटीत गेले.

जनगणनेचा उपयोग मर्यादित, पण मोलाचा आहे. १७९० पासून दर दहा वर्षांनी ती होत असली, तरी १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार नुसते आकडे देत. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि जन्माचे राज्य येऊ लागले. थोरले मूल केंटकीत, मधले इंडियानात, धाकटे इलिनॉयमध्ये जन्मलेले दिसले, की कुटुंबाचा मार्ग आणि वेळापत्रक दोन्ही हाती येतात. १८९० ची बहुतांश पत्रके मात्र १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाली, आणि त्या दशकावर प्रत्येक शोधक अडखळतो.

स्वतंत्र व्यक्ती हा शब्द वर मुद्दाम घातला आहे. टेनेसीत थांबलेल्या आयझॅक लिंकनच्या मालकीची गुलाम माणसे होती. अशा माणसांची १८५० व १८६० च्या जनगणनेत वेगळी पत्रके आहेत. त्यांत मालकाचे नाव असते, पण त्यांची स्वतःची नावे सहसा नसतात, केवळ वय, लिंग आणि वर्ण. त्यांच्या वंशजांना १८७० च्या आधीचा पूर्वज शोधायचा तर मालकाच्या मृत्युपत्रांतून आणि मालमत्तेच्या याद्यांतून, म्हणजे ज्यांत माणसांची किंमत मांडली आहे त्याच कागदांतून, वाट काढावी लागते.

मार्च १८३० मध्ये लिंकन कुटुंब इलिनॉयमध्ये सँगमॉन नदीच्या काठी, डिकेटरजवळ उतरले आणि पितृकुळाची ही वाटचाल पूर्ण झाली. मातृकुळाचा प्रश्न अधिक काळ लोंबकळत राहिला. नॅन्सी हँक्सच्या आईविषयी दोन पक्ष होते : एक ल्यूसी हँक्सला आई मानणारा, दुसरा शिप्ली घराण्याकडे बोट दाखवणारा. स्त्रियांच्या नावावर जमीन क्वचितच असे, त्यामुळे दस्त इथे मुके होते. नॅन्सी १८१८ मध्ये, विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईच्या दुधातून होणाऱ्या रोगाने वारली, आणि तिची एकुलती मुलगी सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, म्हणून आईकडून मुलीकडे जाणारी नॅन्सीची स्वतःची शाखा तिथेच तुटली. शेवटी आप्तांच्या, स्त्रीपरंपरेने उतरलेल्या वंशजांची मायटोकाँड्रियल डीएनए चाचणी करावी लागली. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षाने ल्यूसी हँक्सच्या बाजूने कौल दिला.