'फेल' : फसवणुकीपासून निकालापर्यंत

इंग्रजीतील 'फेल' या क्रियापदाचे मूळ लॅटिन 'फाल्लेरे'मध्ये आहे. त्याचा अर्थ फसवणे, अपेक्षाभंग करणे. 'फॉल्स' म्हणजे खोटा आणि 'फॅलसी' म्हणजे तर्कदोष हे शब्दही याच कुळातले. पडणे या अर्थाचे 'फॉल' मात्र जर्मानिक कुळातले. त्याचा 'फेल'शी संबंध नाही.

लॅटिनमधून हे क्रियापद जुन्या फ्रेंचमध्ये आले आणि तिथे त्याला उणे पडणे, चुकणे हे अर्थ चिकटले. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालयांत फ्रेंचचा वावर वाढला. तेराव्या शतकाच्या सुमारास 'फेल' इंग्रजीत रुजले.

त्याचे जुने अर्थ आजही वापरात आहेत. पाऊस पडला नाही की पीक 'फेल' जाते, संध्याकाळी उजेड 'फेल' होतो, म्हातारपणी दृष्टी 'फेल' होत जाते. गरज असताना एखादी गोष्ट कमी पडणे, हा या सर्वांतला समान धागा. व्यापारात त्याचा अर्थ दिवाळे निघणे असा होतो; म्हणून बँकही 'फेल' होते.

कायद्याच्या भाषेतला अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. साक्षीदार न्यायालयात येण्यास 'फेल' झाला, याचा अर्थ त्याने प्रयत्न केला आणि तो फसला असा नाही. यायला हवे होते आणि तो आला नाही, एवढेच. अपयशासाठीचे 'फेल्युअर' हे नामही सतराव्या शतकात कायद्याच्या फ्रेंचमधून आले. 'विदाउट फेल' म्हणजे न चुकता. या प्रयोगात मात्र 'फेल' हेच नाम म्हणून येते.

'फेल-सेफ' या शब्दाचा अर्थ अनेकदा कधीच न बिघडणारे असा केला जातो. तो चुकीचा आहे. रेल्वेच्या एअर ब्रेकमध्ये नळी फुटून हवेचा दाब गेला, की ब्रेक आपोआप लागतात. यंत्रणा बिघडतेच, पण बिघडताना गाडी थांबवते.

परीक्षेतला अर्थ रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. मराठीने त्यासाठी फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास' जोडून 'नापास' घडवला. ब्रेक, किडनी आणि हार्ट यांच्यासाठी मात्र 'फेल'च राहिला.

म्हणजे आठशे वर्षांच्या या क्रियापदाच्या अनेक अर्थांपैकी निकालपत्रातला अर्थ हा एक, आणि तोही अलीकडचा. एका विषयात गुण कमी पडले, एवढेच तो सांगतो. त्यावरून माणसाची किंमत ठरवू नये.