अप्पर लावून तुम्ही दिसता, पण समोरच्याला रस्ता दिसत नाही

कोल्हापूर : गर्दीत आपली दुचाकी ठळक दिसावी म्हणून अनेक जण अप्पर लावूनच गाडी चालवतात. त्याची खरंच गरज आहे का?

दिसण्यासाठी अप्पर हवाच का?
नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा आहे. दिसण्यासाठी डिपर पुरतो.

अप्परने काय होतं?
डिपरचा झोत खाली रस्त्यावर पडतो, अप्परचा थेट समोरच्याच्या डोळ्यांत. डोळे दिपले की काही क्षण काहीच दिसत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते.

इथे धोका जास्त का?
ऊस हंगामात राधानगरी, गगनबावडा रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली समोरून अप्पर आला की जवळ पोहोचेपर्यंत दिसत नाही.

काय कराल?
- शहरात डिपरच ठेवा. अप्पर फक्त मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर.
- समोरून वाहन दिसताच डिपर करा.
- डोळे दिपल्यास वेग कमी करा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा.
- डबलसीट बसल्यावर गाडी मागे दबते, झोत वर जातो. हेडलाइट गॅरेजमध्ये नीट करून घ्या.