जगाचे आरोग्य आणि घरचा न्याय

एकत्र कुटुंबात एखाद्या मुलास गोवर निघाला, तर तो लपवू नये हे पहिले कर्तव्य. आणि ज्याने सांगितले त्यास दूर न लोटता त्याच्या औषधपाण्याची तजवीज करावी, हे दुसरे. दुसरे चुकले की पहिलेही बुडते. बोलणी खाण्याच्या भयाने मुले दुखणे लपवितात, हे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे पाहिले आहे. राष्ट्रांच्या कुटुंबासही हाच न्याय लागू पडतो.

मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला, तेव्हा पुढील वर्षी व्हेनिस येथे राष्ट्रांची परिषद भरली. पूर्वेकडील रोग युरोपच्या दारी येऊ नये, हा तिचा मुख्य हेतू. येथील रोग्यांची चिंता दुय्यम. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली आणि दृष्टी पालटली. परस्परांचे वैरी असलेल्या अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनीही हातभार लाविला, म्हणूनच देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर करता आले.

तथापि देण्याघेण्याचा तंटा मिटला नाही. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने पक्ष्यांपासून येणाऱ्या तापाच्या विषाणूंचे नमुने संघटनेस पाठविणे थांबविले. नमुने आमचे, त्यांवरून लस करणार धनिक देशांतील कारखाने, आणि ती विकत घेण्याचे सामर्थ्य आम्हांस नाही, ही त्याची तक्रार होती. मार्ग धोक्याचा असला तरी तक्रार खोटी म्हणता येईल काय? २०११ साली त्यावर तडजोड झाली; पण ती इन्फ्लुएंझापुरतीच. पुढे कोविडच्या काळी श्रीमंत देशांनी लशींचे साठे आधीच आपल्या नावे करून ठेविले. आपल्या पुण्यात तयार होणाऱ्या लशीची निर्यातही २०२१ साली येथील दुसऱ्या लाटेत रोखली गेली, आणि तिच्यावर विसंबलेले आफ्रिकेतील देश खोळंबले. स्वतःची मुले आजारी असता तसे घडणे स्वाभाविक होते. पण दोष केवळ परक्यांच्याच पदरी बांधणे न्यायाचे नव्हे.

२० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे महासाथीविषयीचा करार संमत झाला. साथीच्या समयी करारात सामील झालेल्या कारखान्यांनी आपल्या लशी व औषधे यांपैकी वीस टक्के संघटनेस उपलब्ध करावीत, व त्यांतील निदान अर्धी विनामूल्य असावीत, असे त्यात योजिले आहे. मात्र नमुने व लाभ यांच्या वाटणीचा तपशील परिशिष्टावर सोपविला गेला. आणि खरा कस तेथेच लागावयाचा आहे.

दुसरी अडचण पैशाची. सभासदांच्या ठरीव वर्गणीतून संघटनेच्या खर्चाचा पाचवा हिस्साही निघत नसे. बाकीची भिस्त देणगीदारांच्या मर्जीवर. ही वर्गणी क्रमाने मूळ खर्चाच्या निम्म्यापर्यंत न्यावी, असे २०२२ साली ठरले. इतक्यात जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने संघटना सोडण्याची सूचना दिली.

ज्या घरात कर्त्यास जबाबदारी पुरेपूर, पण खर्चाची मोकळीक नाही, ते घर कसे चालते हे गृहिणींस सांगावयास नको. नमुना देणाऱ्यास लशीचा हक्क आणि कर्त्यास नियमित वर्गणी, या दोन गोष्टी साधल्या तरच सुधारणेस अर्थ आहे. अन्यथा पुढची साथ येईल, तेव्हा कोणी तरी दुखणे लपवील, आणि त्याची किंमत सर्व घरास मोजावी लागेल.