पालेभाजीची ताजगी : काढणीपासून ताटापर्यंत

भाजी शेतातून निघाली की तिचे आयुष्य संपले, असा आपला समज असतो. वस्तुतः मुळापासून तुटलेले पानही श्वसन करीतच असते. साठलेली साखर ते खर्च करते, उष्णता निर्माण करते आणि सूक्ष्म छिद्रांवाटे पाणी गमावते. पालेभाजीत सुमारे ९० टक्के पाणीच असते; म्हणून थोडे पाणी जाताच ती मान टाकते. सुकण्याबरोबर तिच्यातील 'क' जीवनसत्त्वही घटते. तापमान १० अंशांनी वाढले, की श्वसनाचा वेग २ ते ३ पट होतो. तेव्हा उत्तम बांधणी म्हणजे पानाचा श्वास कोंडणे नव्हे, तो मंद करणे होय.

बांधणीची सुरुवात शेतातच होते. मेथी, पालक, कोथिंबीर पहाटे काढावी, लगेच सावलीत न्यावी, पिवळी व सडकी पाने वेगळी करावीत. धुतल्यास पाणी पुरते निथळू द्यावे.

गोणीत दाबून भरलेल्या भाजीची तळची पाने चिरडतात आणि मधली स्वतःच्याच उष्णतेने तापतात. त्यापेक्षा केळीची पाने अंथरलेली व ओल्या गोणपाटाने झाकलेली पाटी चांगली. गोणपाटातील पाणी उडताना आतील उष्णता घेऊन जाते. आपल्या आजीला हे शास्त्र पुस्तकाविनाही अवगत होते. दूरच्या बाजारासाठी झरोक्यांचे प्लॅस्टिक क्रेट उपयुक्त, कारण वरच्या क्रेटचा भार खालच्या भाजीवर येत नाही.

पॉलिथिनची पिशवी ओलावा राखते, परंतु तिला बारीक छिद्रे हवीत. पूर्ण बंद पिशवीत प्राणवायू संपतो, आत दव साचते, पाने बुळबुळीत होऊन कुजू लागतात. पिकलेली केळी, आंबे वा टोमॅटो यांच्याजवळ पालेभाजी ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात. घरी फ्रिजमध्ये ठेवताना ती कोरड्या सुती कापडात गुंडाळावी.

वीज नसेल तेथे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत वाळू आणि दिवसातून दोनदा शिंपडलेले पाणी, एवढ्यावर तो चालतो. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरपेक्षा १० ते १५ अंशांनी उतरते. दमट पावसाळ्यात मात्र त्याचा गुण कमी येतो. वसतिगृहाच्या भटारखान्यामागेही तो बांधता येईल.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. सुकलेली जुडी सायंकाळी पडेल त्या भावाने द्यावी लागते, आणि तो तोटा अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याला किंवा डोक्यावर पाटी घेऊन हिंडणाऱ्या माउलीला सोसावा लागतो. आपल्यापैकी कित्येकांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अशाच पाटीने उचलला आहे. म्हणून हे ज्ञान वर्गातच न थांबता त्या पाटीपर्यंत पोहोचावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.