भाकरी एकच, मीठ कोणाचे?

मराठेशाहीतले मोडी कागद पहिल्यांदा हाती घेणारा वाचक तारखेपाशीच अडखळतो. ‘छ. ५ रमजान’, ‘छ. १२ शव्वाल’ अशी नोंद दिसते. ‘छ’ म्हणजे चंद्र. महिना अरबी आणि वर्षही शुहूर सनाचे, म्हणजे इसन्ने, सलास, अर्बा अशा अरबी आकड्यांचे. मजकूर मात्र मराठी. घोड्यांच्या दाण्याचा आणि स्वारांच्या पगाराचा हिशेब अशा तारखांनी लिहिला जाई. ज्या साध्या स्वाराचा हा हिशेब, त्याचे निम्मे आयुष्य छावणीत जाई. समोरची छावणी परक्याची नसून भावाचीच असली, तर त्या आयुष्याला वेगळाच पीळ पडे. सातारा-सांगलीच्या मुलखाने असे युद्ध चोवीस वर्षे पाहिले.

१७०७ मध्ये औरंगजेबाचे अहमदनगरजवळ निधन झाले. सतरा वर्षांहून अधिक काळ मोगलांच्या कैदेत असलेले संभाजीपुत्र शाहू त्याच वर्षी सुटून दक्षिणेत आले. इकडे राजारामांच्या पत्नी ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज देऊन राज्य राखले होते आणि गादीवर आपला मुलगा शिवाजी याला बसवले होते. दोन्ही दावेदार शिवछत्रपतींच्याच घरचे. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याकडे दुसरी गादी राखली. साध्या स्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, काल ज्याच्या शेजारी घोडा बांधला, तो आज समोरच्या फौजेत.

छावणीतला दिवस घोड्यापासून सुरू होई. स्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. लढाईत घोडा पडला तर बारगिराचे नुकसान सरकारचे, शिलेदाराचे मात्र घरच बसे. म्हणून पहाटे उठल्यावर पहिली नजर घोड्याच्या खुरांकडे. मग खरारा, पाणी, तोबऱ्यातली चंदी. जनावराचे पोट भरल्यावर माणसाचे. तीन दगडांची चूल, जोंधळ्याची भाकरी, कांदा आणि मिठाचा खडा. सरदाराला डेरा असे. स्वाराला घोंगडी आणि फार तर एखादे पाल.

धान्य वंजाऱ्यांच्या बैलांवरून येई आणि बाजारबुणगे छावणीतच दुकाने मांडत. तांडा वाटेत अडला की भाव चढत. मग वैरणीसाठी स्वार आसपासच्या गावांत शिरत. परमुलखात याला मुलूखगिरी म्हणता येई. पण कऱ्हाड, वाळवा, शिराळ्याच्या शिवारात उचललेला कडबा कोणाचा असे? कदाचित त्याच स्वाराच्या मामाचा किंवा मेहुण्याचा. एका गादीला वसूल दिला म्हणून दुसरी गादी गावाला सोडत नसे. शिराळा-कऱ्हाड भागातल्या चौथाईशी उदाजी चव्हाणांचे नाव जोडले गेले, ते याच ओढाताणीत.

दुपार रिकामी आणि म्हणून जड. छावणीत सर्वांत जास्त बोलणे होई ते लढाईचे नव्हे, पगाराचे. स्वारीपूर्वी घोड्याच्या तयारीसाठी ‘नालबंदी’ नावाची उचल मिळे. पुढचा पगार थकत जाई. पोटापुरता रोजमुरा मिळाला तरी नशीब. सरदार सावकाराकडे बोट दाखवी, सावकार मुलखाच्या वसुलीकडे, आणि मुलूख तर दोन गाद्यांत फाटलेला. पगार फारच तुंबला की स्वार सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरून बसत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली ही माणसे मुळात शेतकरी. पावसाळा तोंडावर आला की त्यांचे लक्ष गावाकडच्या पेरणीकडे लागे. दोन्ही गाद्या वतने आणि इनामे देऊन माणसे ओढू पाहत होत्या, आणि वतन हातचे जाऊ नये एवढ्यासाठीही कित्येकांनी बाजू बदलली.

रात्री चौकी-पहारा आणि गस्त. अंधारात हाक आली तर ती आपल्याकडची की पलीकडची, हे भाषेवरून ओळखणे अशक्य. मराठी तीच, आणि तिच्यातले लष्करी शब्दही तेच. शिलेदार, बारगीर, पागा, नालबंद, लगाम, खोगीर, हवालदार हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवकाळात राजव्यवहारकोश तयार होऊन दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पागेतल्या माणसाने मात्र जिभेवर रुळलेले शब्द सोडले नाहीत. ‘उर्दू’ हा शब्दही मूळचा तुर्की, त्याचा अर्थ छावणी. शाहू महाराज स्वतः अशा छावणीत लहानाचे मोठे झाले. भीमेकाठी ब्रह्मपुरीला बादशहाचा तळ वर्षानुवर्षे होता, आणि त्या तळावरच त्यांचे बालपण गेले.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र नदीकाठच्या छावणीत नव्हे, साताऱ्याच्या किल्ल्यावर झाली. खेडची लढाई आणि राज्याभिषेक यांच्या मधल्या तीन महिन्यांत हिजरी १११९ चा रमजान येऊन गेला. त्याच हिवाळ्यात शाहूंच्या फौजेने अजिंक्यताऱ्याला वेढा दिला. वर ताराबाईंचे कारभारी परशुराम त्रिंबक, आणि किल्ल्याचा हवालदार शेख मिरा. बखरकार सांगतात की, शेख मिराची बायकामुले वाईला होती. शाहूंनी ती ताब्यात घेतली आणि किल्ला न दिल्यास त्यांच्या जिवाची धमकी दिली. शेख मिराने परशुरामपंतांना कैद केले आणि दरवाजे उघडले.

याला काय म्हणायचे? निमकहरामी म्हणावी, तर ज्यांना किल्ला दिला तेही शिवछत्रपतींचे नातू. निष्ठा म्हणावी, तर ज्यांचे मीठ खाल्ले त्यांचाच कारभारी साखळदंडात पडला. परक्याशी लढताना किल्लेदाराला हा प्रश्न पडत नाही. उत्तर ठरलेले असते, जीव गेला तरी. घरातल्या युद्धात दोन्हीकडे मीठ एकाच घरचे असते, आणि मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात राजा नव्हे, वाईत अडकलेली मुले बसतात. शेख मिराने मुलांकडे पाहिले. शाहूंनी त्याला वतन दिले. १८२० मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले, तेव्हा पंतप्रतिनिधी, पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे आणि अक्कलकोटचे भोसले यांच्याबरोबर शेख मिरा वाईकर हे घराणेही होते.

ही ओढाताण एकट्या हवालदाराची नव्हती. कैदेतून सुटलेले परशुरामपंत पुढे शाहूंचे प्रतिनिधी झाले. त्यांचा एक मुलगा श्रीपतराव साताऱ्याकडे राहिला, दुसरा कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीला मिळाला आणि विशाळगडची जहागीर घेऊन बसला. मोठ्या घरांत भाऊ दोन्हीकडे असले की कोणतीही गादी जिंकली तरी घर राहते. साध्या स्वाराच्या घरात एकच घोडा असे.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंना बाजूला सारून राजारामांचे दुसरे पुत्र संभाजी गादीवर आले. भांडण मात्र संपले नाही. १७३० मध्ये संभाजींची छावणी वारणेच्या उत्तर काठावर, आजच्या सांगली जिल्ह्याच्या बाजूला पडली होती. श्रीपतराव प्रतिनिधींनी तिच्यावर अचानक छापा घातला. संभाजी पन्हाळ्याकडे निसटले. डेरे, सामान, बाजार सारे मागे राहिले. राजघराण्यातल्या स्त्रिया साताऱ्याच्या हाती लागल्या, त्यांत ताराबाईही होत्या. चुलीवरची भाकरी तशीच टाकून त्या दिवशी किती स्वार नदीत उतरले असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नसतो.

पुढच्या वर्षी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोन्ही चुलतभाऊ भेटले आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. नदीच्या उत्तरेचा मुलूख साताऱ्याचा, दक्षिणेचा कोल्हापूरचा. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. आजही वारणेवरचा पूल ओलांडताना सांगली जिल्हा संपून कोल्हापूर सुरू झाल्याची पाटी दिसते. रोज दूध आणि ऊस घेऊन त्या पुलावरून जाणाऱ्यांची सोयरीक दोन्ही काठांवर असते.

तह झाला तेव्हा रमजान नुकताच संपला होता. कारकुनांच्या कागदावर शव्वाल लागला होता. रोहिणीच्या पावसाला महिना-दीड महिना उरला होता. घरी परतणाऱ्या स्वाराच्या हातात थकलेल्या पगाराचा आकडा, पाठीवर घोंगडी आणि पुढे नांगरणीची घाई. घोडा जिवंत असला, तर तो स्वतःला भाग्यवान समजत असणार.