एका पिंजऱ्यांतील दोघे

माणसाला एकटेपणाचें भय फार. म्हणूनच ज्या प्राण्यावर तो माया करतो, त्यासही एकटें ठेवण्यास त्याचें मन धजत नाहीं. मुलाच्या वाढदिवसानिमित्त घरांत बुटका हॅम्स्टर आणावयाचें ठरलें, कीं आईच्या तोंडून सहज शब्द निघतात, “एक नको, दोन आणा, बिचाऱ्याला सोबत होईल.” दुकानदारास हा विचार पटण्यास अर्थातच वेळ लागत नाहीं. आंगठ्याएवढे दोन मऊ गोळे घरीं येतात, एकमेकांच्या कुशींत शिरून झोपतात आणि सगळें घर त्या दृश्यावर लुब्ध होतें. असे कांहीं आठवडे जातात. मग रात्रीं पिंजऱ्यांतून बारीक किंचाळ्या ऐकूं येऊं लागतात. मुलें म्हणतात, “खेळताहेत.” आणि एके दिवशीं सकाळीं दोघांपैकीं एकजण कोपऱ्यांत अंग चोरून बसलेला दिसतो, त्याचा कान फाटलेला असतो आणि पाठीवरचे केस रक्तानें चिकटलेले असतात. कालपर्यंत एका कुशींत निजणाऱ्या भावंडांत हें वैर कोठून आलें, हा प्रश्न त्या सकाळीं साऱ्या घराला पडतो.

या प्रश्नाचें उत्तर कोणाच्या दुष्टपणांत नाहीं. तें या प्राण्याच्या मूळ देशांत आणि माणसानें त्यास दिलेल्या घरांत शोधावें लागतें.

हॅम्स्टर हा गालांत धान्य सांठविण्याच्या पिशव्या असलेला, कुरतडणाऱ्या वर्गांतील प्राणी होय. त्याच्या सर्वच जाति एका स्वभावाच्या नाहींत, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावयास हवी. बाजारांत मिळणारा मोठा, सोनेरी हॅम्स्टर हा सीरियांतला. इस्राएल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानें १९३० सालीं अलेप्पो शहराजवळच्या एका शेतांतील बीळ खणवून एक मादी व तिचीं पिलें मिळविलीं. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्या एका कुटुंबाचेच वंशज आहेत. हा प्राणी पूर्णपणें एकलकोंडा आहे. वयांत आलेले दोन सोनेरी हॅम्स्टर एका पिंजऱ्यांत ठेवणें म्हणजे दोन तलवारी एका म्यानांत कोंबण्यासारखें आहे. त्याच्याविषयीं अधिक चर्चेचें कारणच उरत नाहीं.

बुटक्या हॅम्स्टरांची गोष्ट मात्र इतकी सरळ नाहीं. ‘फोडोपस’ या नांवाखालीं शास्त्रज्ञ त्यांच्या तीन जाति मानतात. पहिली सायबेरिया व कझाकस्तान येथील गवताळ मैदानांतली. पल्लास या निसर्गशास्त्रज्ञानें १७७३ सालीं तिचें वर्णन केलें. हिंवाळ्यांत दिवस लहान होऊं लागले, कीं हिची राखी लोकर पांढरी होऊं लागते. दुसरी जाति कॅम्पबेलच्या नांवाची. ती मंगोलिया व तिच्या आसपासच्या रुक्ष प्रदेशांत राहते आणि १९०५ सालीं तिला शास्त्रांत स्थान मिळालें. तिसरी रोबोरोव्हस्की या रशियन प्रवाशाच्या नांवानें ओळखली जाते. गोबीच्या वाळूंत वावरणारा हा जीव तिघांत सर्वांत लहान. त्याचें वजन अवघें वीस-पंचवीस ग्रॅम भरतें, पण चपळाई अशी, कीं हातावर क्षणभर ठरत नाहीं.

या जातींत सहवासाची वृत्ति अगदींच नाहीं असें नव्हे. कॅम्पबेलच्या हॅम्स्टराविषयीं कॅनडांतील कॅथरिन विन-एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलें. मादी प्रसूत होत असतांना नर जवळ राहतो, पिलू बाहेर ओढून घेण्यास साहाय्य करतो, त्याच्या नाकावरील आवरण चाटून दूर करतो आणि त्याच्या श्वासाची वाट मोकळी करून देतो. मुठींत मावणाऱ्या प्राण्यानें सुइणीचें काम करावें, हें ऐकून कोणासही नवल वाटेल. परंतु त्याच्या अगदीं निकटचा आप्त जो सायबेरियांतील हॅम्स्टर, त्याच्या नरांत ही वृत्ति आढळली नाहीं. शिवाय हा जिव्हाळा जमलेल्या नर-मादींतला आहे. त्यावरून दोन बहिणी किंवा दोन भाऊ एका पेटींत जन्मभर सुखानें नांदतील, असें अनुमान काढतां येत नाहीं.

तर मग भांडण होतें तें कां? मोकळ्या मैदानांतही हे प्राणी भांडतातच. पण तेथें भांडणाला शेवट असतो. हरलेला पळतो, जिंकणारा दहा-वीस पावलें पाठलाग करून परततो, आणि दोघांच्या मध्यें पसरलेलें मैदान पंचाचें काम करतें. पिंजऱ्यांत हा पंचच नसतो. हरलेला धांवतो तो कांचेवर जाऊन आदळतो, वळतो तों समोर पुन्हां तोच शत्रु उभा. त्याच्या अंगचा वास सर्व भुशांत भरलेला असतो आणि एकुलत्या एका घरट्याच्या तोंडाशीं तोच बसलेला असतो. जिंकणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर वारंवार हुसकावूनही हा परका आपल्या हद्दींतून जात नाहीं. एकाला पळतां येत नाहीं व दुसऱ्याला थांबतां येत नाहीं. अशा रीतीनें जें क्षणांत मिटावयाचें, तें प्राणावर बेततें.

भांडण बहुधा पिलें वयांत आल्यावर डोकें वर काढतें, याचेंही कारण यांतच आहे. लहानपणीं भावंडांची ऊब हीच त्यांची गरज असते. पुढें शरीर पक्व झालें, पोटावरील गंधग्रंथी कामास लागली, कीं प्रत्येकाला आपली हद्द हवीशी होते. दुकानांतील पिलें शांत दिसलीं म्हणून तीं पुढेंही तशींच राहतील, हा भ्रम होय. कित्येक जोड्या वर्षभर सुखानें राहून एका रात्रींत बिघडतात.

हें सर्व जाणूनही ज्यांना दोघे एकत्र ठेवावयाचे असतील, त्यांनीं निवड विचारपूर्वक करावी. जोडी एका जातीची, एका वेतांतली व एकाच लिंगाची असावी आणि ती पिलें कधींही वेगळीं झालेलीं नसावींत. कॅम्पबेलचा व सायबेरियाचा हॅम्स्टर दिसावयास इतके सारखे, कीं विक्रेतेही फसतात. परंतु त्यांचा संकर घडूं देऊं नये, कारण अशा संकरांतील नर वंध्य निपजतात. लिंग ओळखण्याची खूण सोपी आहे. पोटाखालील दोन छिद्रांमधील अंतर मादींत अगदीं थोडें, तर नरांत स्पष्ट अधिक असतें. ही परीक्षा पशुवैद्याकडून करवून घेणें उत्तम, कारण येथील चूक महाग पडते. मादीचा गर्भकाळ सुमारें तीन आठवड्यांचा. प्रसूतीनंतर ती लागलीच पुन्हां गाभण राहूं शकते, आणि पिलेंही महिना-सव्वा महिन्यांत प्रजननक्षम होऊं लागतात. दोन बहिणी म्हणून आणलेल्या जोडींत एक भाऊ निघाला, तर पावसाळा सरण्यापूर्वीं पिंजरा अपुरा पडतो. तीन-चार जणांचा मेळा जमविण्याचा मोह तर टाळावाच. संख्या वाढली, कीं कलहाच्या वाटा वाढतात आणि कोण कोणास छळतो हेंही कळेनासें होतें.

निवडीनंतर घराचा विचार. निदान एक मीटर लांब व अर्धा मीटर रुंद अशी सलग जमीन या जोडीस द्यावी. माड्यांचा, नळ्यांचा, रंगीबेरंगी पिंजरा मुलांस आवडतो, पण एकाच तोंडाची नळी ही दुर्बळाच्या दृष्टीनें सांपळा होय. घरट्यालाही दोन दारें असावींत, म्हणजे एकीकडून शत्रु आला तर दुसरीकडून निसटतां येतें. प्रत्येक वस्तु दोन असावी: दोन पाण्याच्या बाटल्या, दोन चाकें, दोन घरटीं, आणि तींही एकमेकांपासून दूर मांडलेलीं. दाणे वाटींत न ठेवतां सर्वत्र विखरून टाकले, तर वाटीवर पहारा करण्याचें कोणास प्रयोजन उरत नाहीं. तळाशीं लाकडाचा स्वच्छ भुसा किंवा कागदाच्या चिंध्या यांचा जाड थर हवा. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं २००६ सालीं सोनेरी हॅम्स्टरांविषयीं असें दाखविलें, कीं दहा सेंटिमीटर थरावर ठेवलेले प्राणी पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडतात, तर ऐंशी सेंटिमीटर थर मिळालेले त्यांत बिळें खणून रमतात. बुटक्यांसही खणण्याची ओढ तितकीच असते. कापूस मात्र घरट्यासाठीं देऊं नये. त्याचे धागे पायांस गुंडाळले जातात व पोटांत गेल्यास अपाय करतात.

स्वच्छतेच्या अतिरेकानेंही भांडणें लागतात, ही गोष्ट अनेक सुगृहिणींस खरी वाटणार नाहीं. या प्राण्यांची दृष्टि मंद. ते परस्परांस व आपल्या जागेस वासानें ओळखतात. सगळा पिंजरा एकाच दिवशीं धुवून लख्ख केला, कीं त्यांची ओळखीची खूण पुसली जाते आणि हद्दीचा वाद नव्यानें सुरू होतो. म्हणून ओला भाग नित्य काढावा, परंतु जुना कोरडा भुसा बराचसा राखून नव्यांत मिसळावा.

आतां कलहाची पारख. प्रत्येक चकमक धोक्याची नसते. मागल्या पायांवर उभे राहून एकमेकांस हातानें ढकलणें, थोडा पाठलाग, एकानें पाठीवर पडून शरणागति पत्करणें व दुसऱ्यानें हुंगून निघून जाणें, हा मानापमानाचा व्यवहार झाला. त्यांत माणसानें पडूं नये. दुसरी पायरी अधिक गंभीर आहे. एकजण नेहमींच वेगळा, उघड्यावर झोपूं लागतो. दुसरा त्यास पाण्याजवळ येऊं देत नाहीं. पाठलाग थांबत नाहीं आणि दुर्बळाची किंचाळी रोजची होते. येथें रक्त सांडलेलें नसतें, म्हणून पुष्कळ घरें फसतात. यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरांतील किंवा टपालाचा लहान कांटा. दर आठवड्यास दोघांचें वजन करून लिहून ठेवावें. एकाचें वजन टिकून दुसऱ्याचें घटत असेल, तर त्या आंकड्यांनीं सर्व कहाणी सांगितलीच. तिसरी पायरी म्हणजे दोघांचा एकच चेंडू होऊन गरगर लोळणें, दांत रुतणें आणि रक्त. तेथें विचारास अवकाश नाहीं.

अशा वेळीं उघडा हात मध्यें घालूं नये. झुंजीच्या आवेशांत हॅम्स्टर समोर येईल त्यास चावतो आणि त्याचे दांत बोटांत खोल जातात. दोघांच्या मध्यें पुठ्ठा सरकवावा, अथवा एकावर पेला उपडा घालून त्यास अलग करावें. हातांत जाड मोजा असल्यास बरें. मग दोघे निरनिराळ्या पेट्यांत ठेवावे. ही दुसरी पेटी पहिल्या दिवसापासून घरांत तयार हवी. जोडी पाळणाऱ्यानें ती खर्चांत धरलीच पाहिजे. जखमी प्राण्याची शांतपणें तपासणी करावी. पाठीचा मागील भाग, पोट व जननेंद्रियें येथील चावे केसांखालीं दडून राहतात. किरकोळ ओरखडा मिठाच्या सौम्य, कोमट पाण्यानें पुसावा. खोल जखम, सूज, पू अथवा मलूलपणा दिसल्यास तडक पशुवैद्य गांठावा. माणसांचीं मलमें व वेदनाशामक गोळ्या यांचा प्रयोग या चिमुकल्या देहावर करूं नये.

यानंतरचा प्रश्न घरांतील सर्वांत हळव्या माणसाकडून येतो: “आतां राग शांत झाला असेल, पुन्हां एकत्र ठेवूं या का?” उत्तर नाहीं असेंच द्यावें लागतें. एकदां रक्त सांडल्यावर परस्परांचा वास हीच शत्रूची खूण होते. चार दिवसांच्या विरहानें प्रेम वाढत नाहीं. उलट वेगळ्या राहिलेल्या जोडीदाराचा वास परका होऊन बसतो. तटस्थ जागेंत, मध्यें जाळी घालून, हळूहळू ओळख करून देण्याची रीत कित्येकजण अवलंबितात. रक्तपात झालेला नसतांना, सतत देखरेखीखालीं, ती क्वचित् साधते. परंतु वयांत आलेल्या दोन अनोळखी प्राण्यांवर तिचा प्रयोग करणें हें एकाच्या जिवावरचें धाडस आहे.

तरीही मन म्हणतें, एकटा राहून तो झुरणार नाहीं का? येथेंच माणूस आपलें काळीज प्राण्याच्या छातींत बसवूं पाहतो. ज्या जीवास रोज रात्रीं शत्रूच्या चाहुलीनें जागें राहावें लागत होतें, त्यास स्वतःच्या पेटींत गाढ झोपलेला पाहावा. मग ही शंका उरत नाहीं. खोल भुसा, धांवण्यास पुरेसें मोठें चाक, अंग घुसळण्यास वाळू, दिवसां शांतता आणि संध्याकाळीं हलक्या हातांनीं दाणे देणारें एखादें मूल, एवढ्यानें त्याचें जग भरतें. मुंबई-पुण्याच्या घरांत यांत एकाच काळजीची भर घालावी लागते. थंड मैदानांतला हा जीव तीस अंशांवरील उष्म्यानें व्याकूळ होतो. म्हणून चैत्र-वैशाखांत त्याची पेटी खिडकीच्या उन्हांतून हलवून घरांतील सर्वांत गार कोपऱ्यांत ठेवावी.

दोन पेट्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या लागल्या, तर तो मायेचा पराभव समजण्याचें कारण नाहीं. मुलांना तें नीट समजावून सांगितलें, तर त्यांनाही त्यांतून कांहीं लाभतें. ज्याच्यावर प्रेम करावयाचें, त्याला काय हवें हें त्याच्याकडे पाहूनच ओळखावें लागतें, ही गोष्ट तीं लहानपणींच शिकतात. बुटका हॅम्स्टर दीड-दोन वर्षें, रोबोरोव्हस्कीचा फार तर तीन वर्षें जगतो. एवढ्याशा आयुष्यांतील रात्री त्यानें भयांत काढाव्या कीं स्वस्थपणें, हें ठरविणें मात्र सर्वस्वीं त्याला घरीं आणणाऱ्यांच्या हातीं असतें.